कोल्हापूर वाढतंय, थांबलंय की नुसतं सरकतंय?

सोळा वर्षांनी पुन्हा जनगणना होते आहे. 2021 ची कोरोनात लांबली, ती आता 2027 वर आली. 1 मार्च 2027 या तारखेला देशात किती माणसं आहेत, तो आकडा अधिकृत धरला जाईल. तो जाहीर झाला की कोल्हापुरात काय बोललं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पुणे-पिंपरीचे आकडे बघून डोळे विस्फारतील, त्यापुढे आपला आकडा किरकोळ दिसेल आणि 'कोल्हापूर मागं पडलं' यावर कट्ट्याकट्ट्यावर एकमत होईल.

मागच्या वेळचं चित्र असंच होतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या सुमारे 4 लाख 93 हजारांवरून 5 लाख 49 हजारांवर गेली. म्हणजे वाढ 11 टक्क्यांच्या आसपास. त्याच काळात पिंपरी-चिंचवड 10 लाखांवरून 17 लाखांवर पोचलं. आणि मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई, साडेसात टक्क्यांनी चक्क घटला.

आता मुंबई मागं पडली, असं कुणी म्हणेल का? नाही. मग घट म्हणजे अधोगती आणि वाढ म्हणजे प्रगती हा साधा हिशेब कुठेतरी चुकतो. तो कुठे चुकतो, हे बघायचं तर आकडा मुळात हलतो कशाने इथून सुरुवात करावी लागेल.

आकडा तीनच कारणांनी हलतो

पहिलं कारण जन्म आणि मृत्यू. जन्मलेल्यांतून मेलेले वजा केले की उरते ती नैसर्गिक वाढ. दुसरं स्थलांतर: आले किती, गेले किती. तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे हद्द. माणसं जिथल्या तिथे राहिली आणि नकाशावरची रेघ सरकली, तरी शहर एका रात्रीत वाढतं.

यातलं पहिलं कारण आता झपाट्याने दुबळं होत चाललंय. एका स्त्रीला सरासरी किती मुलं होतात, याला प्रजनन दर म्हणतात. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो 2.1 च्या आसपास लागतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा दर 1.7 निघाला. आजच्या तरुण पिढीची संख्या मोठी आहे म्हणून अजून काही वर्षं जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतील, पण ही शिल्लक संपत जाणारी आहे.

आपल्या आजोबांच्या काळात कुठलंही गाव, काहीही न करता, नुसत्या पाळण्यांच्या जोरावर वाढायचं. 1971 ते 1981 या दहा वर्षांत कोल्हापूर शहर सुमारे 2 लाख 59 हजारांवरून 3 लाख 40 हजारांवर गेलं होतं, म्हणजे 30 टक्क्यांहून जास्त वाढ. त्यात बाहेरून आलेले होतेच, पण घराघरांतली चार-पाच मुलंही होती. ती सोय आता कुठल्याच शहराला उरलेली नाही. इथून पुढे एक शहर वाढलं आणि दुसरं आटलं, तर त्या फरकामागे मुख्यतः स्थलांतर असेल.

याची झलक घाटाखाली दिसलेलीच आहे. 2001 ते 2011 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा सव्वादोन टक्क्यांनी घटला, रत्नागिरी जवळपास पाच टक्क्यांनी. तिथे मुलं जन्मतच नव्हती असं नाही. जन्मली, शिकली आणि मुंबईला गेली. आपला कोल्हापूर जिल्हा त्याच दशकात 10 टक्क्यांनी वाढला, तर सगळा महाराष्ट्र 16 टक्क्यांनी. म्हणजे जिल्हा रिकामा होत नव्हता, पण येणाऱ्यांचं पारडंही जड नव्हतं. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडच्या वाड्यांमध्ये ज्यांचं घर आहे त्यांना हे कोष्टक न बघताही ठाऊक आहे.

रेघेच्या पलीकडचं कोल्हापूर

कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली 1972 साली. क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी ही हद्द वाढली नाही. शहराने मात्र रेघ कधी जुमानली नाही. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, शिंगणापूर या गावांत आज अपार्टमेंट आहेत, बंगल्यांच्या कॉलन्या आहेत, इंग्रजी शाळा आहेत. तिथे राहणारा माणूस पत्ता सांगताना कोल्हापूरच सांगतो. कामाला शहरात येतो, भाजी शहरात घेतो, मुलाला शहरात क्लासला सोडतो. जनगणनेत मात्र तो शहराच्या खात्यावर येत नाही.

गंमत अशी की यातला बराच माणूस शहरातूनच बाहेर गेलेला आहे. शिवाजी पेठेत तीन भावांचं एकत्र घर होतं. पुढच्या पिढीला जागा पुरेना, एकाने पाचगावला प्लॉट घेतला. कागदावर ही शहराची घट आणि गावाची वाढ. प्रत्यक्षात माणूस चार-पाच किलोमीटर सरकला, एवढंच.

मुंबईचं तेच झालं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, गिरणगावातल्या चाळींच्या जागी टॉवर आले आणि ज्यांना तिथे राहणं परवडेना ते कल्याण, डोंबिवली, वसई, विरारला गेले. मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी घटला त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला. कोलकाता महानगरपालिकेचा आकडाही 2001 ते 2011 मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटला, आणि तिथेही आजूबाजूचा पट्टा भरतच होता.

आटणाऱ्या शहराचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांचं हे शहर 1950 मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, 2020 मध्ये ते 6 लाख 39 हजारांवर आलं. 2013 साली महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळं खरं आहे. पण डेट्रॉइट आणि त्याची उपनगरं मिळून जो परिसर होतो, त्याची लोकसंख्या 1970 मध्ये सुमारे 44 लाख होती आणि 2020 मध्येही सुमारे 44 लाखच आहे. माणसं, विशेषतः पैसेवाली गोरी माणसं, रेघेपलीकडे गेली. कर भरणारे बाहेर आणि जुनी गटारं, जुने रस्ते, गरीब वस्ती आत, अशी वाटणी झाली. डेट्रॉइट बुडालं ते मोटारधंद्यामुळे जेवढं, जवळपास तेवढंच या वाटणीमुळे.

म्हणून कुठल्याही शहराचा आकडा हातात आला की मी आधी विचारतो, रेघ कुठली धरली आहे? माझ्या मते कोल्हापूरबद्दलची निम्मी हळहळ या एका प्रश्नाने निकालात निघते. उरलेल्या निम्म्याला मात्र आधार आहे.

माणसं येतात कशासाठी

कामासाठी, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं. काम ठरावीक गावांतच का गोळा होतं, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर तालमीत मिळतं. पैलवान मोतीबागेत किंवा गंगावेशीत का येतो? खुराक गावाकडेही आहे, तांबडी माती कुठेही टाकता येते. पण गावात त्याला रोज लढायला तोडीची जोड मिळत नाही. जोड कोल्हापुरात मिळते, कारण बाकीचे पैलवानही त्याच कारणासाठी इथे आलेले असतात. पैलवान आहेत म्हणून वस्ताद आहेत, मालिश करणारे आहेत, आणि मैदान बघणारे, पारखणारे प्रेक्षकही आहेत. 1912 साली खासबाग मैदान बांधलं गेलं ते या सगळ्याच्या जोरावर, आणि मैदान झाल्यावर आणखी पैलवान आले. एकामुळे दुसरा येतो आणि दुसऱ्यामुळे तिसरा. शहरांची वाढ अशीच चालते. अर्थशास्त्रज्ञ याला समूहाचा फायदा म्हणतात: एकाच प्रकारचे धंदे शेजारीशेजारी असले की प्रत्येकाचा खर्च कमी होतो आणि हुन्नर वाढतं.

उद्यमनगरात ते डोळ्यांनी दिसतं. उसाचा मुलूख, गुऱ्हाळं, पाणी उपसायची ऑइल इंजिनं. ती दुरुस्त करता करता माणसं सुटे भाग बनवायला शिकली, मग अख्खी इंजिनं बनवू लागली. एका गल्लीत पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी लागणारे नमुने, दुसरीत लेथ, तिसरीत घासकाम. एक भाग अडला तर मालक चालत जाऊन करून आणतो. पुढे फौंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत पसरल्या आणि वाहनांना लागणारी कास्टिंग्ज देशभर जाऊ लागली. हा व्याप उचलून उद्या दुसऱ्या जिल्ह्यात नेतो म्हटलं तर जमीन मिळेल, वीज मिळेल. तो मोल्डर आणि तो पॅटर्नवाला कुठून आणणार?

सुरुवात मात्र बऱ्याचदा एखाद्या निर्णयाने होते, कधी अपघाताने. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे एकवटला. 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, खेड्यातली मुलं शिकायला शहरात राहू लागली. 1962 मध्ये विद्यापीठ झालं.

कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरची कथा तर कुणी सांगितली तरी खरी वाटू नये अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. 1943 मध्ये आले, 1948 पर्यंत गेले. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणलं गेलं. दोन्ही वेळा माणसं सरकारने आणली. पण पोलिश लोकांना इथे राहायचं नव्हतं आणि सिंधी लोकांना परतायला गाव उरलं नव्हतं. त्यांनी कापडाची दुकानं टाकली, एकाला लागून दुसरं, आणि आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातले दुकानदारही घाऊक मालासाठी तिथे येतात. सरकार माणसं आणून बसवू शकतं. ती तिथे रुजली ती बाजारामुळे.

मग पोरं पुण्याला का जातात?

कारण तिथे जोड्या जास्त जुळतात. संगणक अभियंता झालेल्या मुलीला कोल्हापुरात नोकरी मिळते, मिळत नाही असं नाही. पण ती सुटली तर दुसरी कुठे? पुण्यात त्याच रस्त्यावर पुढची कंपनी असते. कंपनीचीही तीच अडचण उलट बाजूने: पन्नास माणसं एकदम भरायची तर कोल्हापुरात शोधत बसावी लागतात. दोघेही एकमेकांसाठी पुण्यात जातात आणि एकमेकांमुळे तिथेच राहतात.

यात गेल्या पंचवीस वर्षांत एक नवी गोष्ट मिसळली आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. पूर्वी घरात एकाची नोकरी असायची. ती कोल्हापुरात मिळाली की कुटुंब कोल्हापुरात. आता नवरा-बायको दोघंही शिकलेली असतात. तो फौंड्रीत क्वालिटीचं बघतो, ती डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. त्याला कोल्हापूर चालतं, तिला चालत नाही. दोघांनाही चालेल असं गाव शोधलं की ते मोठंच निघतं. मध्यम आकाराची शहरं जगभर या एका कारणाने मागे पडत आहेत, आणि रंकाळा तलाव कितीही सुशोभित केला तरी त्याने हे सुटत नाही.

शिवाय आपण शिकवतो भरपूर. अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, सगळी कॉलेजं आहेत. तेवढ्यांना पुरेल असं काम नसेल, तर कॉलेजं जितकी चांगली तितकी पोरं बाहेर जाण्यासाठी जास्त तयार होतात. कॉलेजं बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पण 'शिक्षण हब' या शब्दाने लगेच हुरळूनही जाऊ नये.

भूगोलाचा भागही आहे. मुंबई-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळून जातो हे बळ. रेल्वे मात्र इथे येऊन संपते. कोकणात उतरणारी वैभववाडीची लाइन वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. विमानतळ 1939 चा, पण प्रवासी विमानं नियमित म्हणावीत अशी 2018 नंतर उडू लागली.

आटणं म्हणजे नेमकं काय होतं?

शहर वाढतं त्या वेगाने आटत नाही. कारखाना बंद पडला तरी घरं उभीच असतात. 2001 साली कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या. गाव ओस पडायला हवं होतं. पण हजारो लोक घर तिथेच ठेवून रोज रेल्वेने बंगळुरूला कामाला जाऊ लागले. जुनं घर स्वस्त असतं, विकायला गेलं तर किंमत येत नाही, मग माणूस तिथेच राहतो आणि काम दूर शोधतो.

बंगळुरू जवळ नसतं तर काय झालं असतं, ते जपानच्या युबारीत दिसतं. कोळशाच्या खाणींचं हे शहर 1960 च्या सुमारास 1 लाख 17 हजारांचं होतं. एकामागून एक खाणी मिटल्या, 1990 मध्ये शेवटची. 2020 मध्ये तिथे साडेसात हजारही लोक उरले नव्हते, आणि त्यातले फार मोठ्या प्रमाणावर म्हातारे. शाळा एकत्र करत करत प्राथमिक शाळा एकच उरली. 2007 मध्ये नगरपालिका कर्जात बुडून सरकारच्या देखरेखीखाली गेली. इथे रेघेचा काही खेळ नव्हता. माणसं खरोखरच गेली.

आपल्याकडे शाहू मिल 1906 ला सुरू झाली, 2003 ला बंद पडली. पेठांतल्या कितीतरी घरांची चूल तिच्या भोंग्यावर चालायची. तरी शहर आटलं नाही, कारण तोवर फौंड्र्या, साखर, दूध, व्यापार असे बाकीचे धंदे उभे होते. ज्या शहराचं सगळं एका धंद्यावर असतं त्याला हा धोका कायम. इचलकरंजीबद्दल म्हणूनच काळजी वाटते. 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून हे गाव सुतावर उभं आहे. 2011 पर्यंत ते पावणेतीन लाखांच्या पुढे गेलं, 2022 मध्ये महापालिकाही झाली. पण मागांना वाईट दिवस आले की चहाच्या गाड्यापासून सोनाराच्या पेढीपर्यंत सगळ्यांना येतात.

'पण गर्दी तर वाढलीच आहे की!'

दसरा चौकात सिग्नलला थांबलेल्या कुणालाही लोकसंख्या थांबली असं सांगून बघा. हसेल. त्याचं बरोबर आहे आणि आकड्याचंही. जनगणना माणूस झोपतो कुठे ते मोजते, दुपारी बारा वाजता कुठे असतो ते नाही. दुपारच्या कोल्हापुरात करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले तालुक्यांतले लोक असतात, अंबाबाईच्या दर्शनाला आलेले असतात, सीपीआर या सरकारी रुग्णालयात आलेले पेशंट असतात. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंतचे पक्षकार असतात. घरं लहान झाली म्हणून बिऱ्हाडं वाढली, आणि बिऱ्हाडागणिक गाड्या. माणसं 11 टक्क्यांनी वाढली तरी वाहनं त्याच्या कितीतरी पट वाढू शकतात.

दुसरी तक्रार असते बाहेरच्यांची. 'आपली पोरं पुण्याला आणि इथे बिहार-ओडिशाचे.' फौंड्रीत भट्टीपुढे उभं राहायचं काम आपली पोरं करत नाहीत, हे मालकही सांगतात आणि पोरांचे बापही. 2020 च्या टाळेबंदीत हे कामगार गावी गेले आणि कारखाने माणसांअभावी अडले, तेव्हा हिशेब सगळ्यांना कळला. तो भट्टीवाला नसेल तर फौंड्री नाही, आणि फौंड्री नसेल तर तिथला आपला सुपरवायझर आणि अकाउंटंटही नाही. आणखी एक: जनगणनेतला 'स्थलांतरित' हा शब्द वाचून लगेच परप्रांतीय डोळ्यांपुढे आणू नका. देशात 2011 मध्ये सुमारे 45 कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यात सगळ्यात मोठा भाग लग्न होऊन सासरी आलेल्या बायकांचा होता.

लहान राहिलेलं काय वाईट?

काहीच नाही. लहान आणि सुखी शहरं आहेत. अडचण आकाराची नसून कोण उरतं याची आहे. जाणारा माणूस बहुधा बावीस ते तीस वयाचा असतो. तो गेला की त्याचं लग्न, त्याची मुलं, त्याचं घर, त्याचा घरफाळा, सगळं दुसऱ्या शहरात जातं. मागे उरलेल्यांसाठी गटार तेवढंच लांब असतं. जलवाहिनी निम्म्या लोकांसाठी निम्मी करता येत नाही. काळम्मावाडी धरणातून पाण्याची थेट पाइपलाइन 2023 मध्ये आली. ती चालवायचा खर्च पाच लाखांनी वाटून घ्यायचा की सात लाखांनी, याने प्रत्येकाच्या बिलात फरक पडतो.

आणि इथेच हद्दवाढीचा वाद येतो. गावांचं म्हणणं खोटं नाही: घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील, आणि शहराला आहे त्या पेठांत धड सोयी देता येत नाहीत. शहराचंही खोटं नाही: केएमटीच्या बस, दवाखाने, बाजार, रस्ते सगळेच वापरतात, खर्चाचा वाटा मात्र आतल्यांवर. मधला मार्ग म्हणून 2017 मध्ये 42 गावांचं प्राधिकरण झालं. त्याचा बांधकाम परवाने देण्यापलीकडे काय उपयोग झाला, असं गावात विचाराल तर उत्तर ऐकवणार नाही. दरम्यान या गावांचं सांडपाणी ओढ्यांतून पंचगंगेत जातच आहे. माझं मत विचाराल तर हद्द वाढवा किंवा वाढवू नका, पण पाणी, सांडपाणी आणि बस या तीन गोष्टींचा कारभार आणि पैसा तरी एकत्र करा. केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान वाटताना लोकसंख्येला मोठं वजन असतं, पंधराव्या आयोगाने तर दहा लाखांवरच्या शहरी समूहांची वेगळी सोय केली होती. रेघ आखडून बसणाऱ्याला तिथेही कमीच मिळतं.

घरून काम करता येतं, मग पुण्याची गरज काय?

कोरोनात हे फार बोललं गेलं. काही पोरं परत आली, काही राहिलीही. पण नवीन माणूस काम शिकतो ते शेजारच्या टेबलावरच्याकडून, आणि पहिली दहा वर्षं तेच लागतं. पस्तिशीनंतर परतायची इच्छा असलेले बरेच असतात. त्यांच्यासाठी खात्रीची वीज, दुसऱ्या जोडीदाराला नोकरी आणि विमानाचं वेळापत्रक, एवढं असलं तरी पुष्कळ. शेंडा पार्कातल्या आयटी पार्कच्या चर्चेतही इमारतीपेक्षा पहिल्या चार-पाच कंपन्या कोणत्या येतात, याला महत्त्व आहे.

आकडे येतील तेव्हा

महापालिकेच्या ओळीवर थांबू नका. पाचगाव, उचगाव, कळंब्याच्या ओळी बघा. त्यातली काही 'जनगणना शहर' या गटात असतील. किमान 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, अशा गावाला जनगणना शहर मानते, मग कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी. त्यानंतर वीस ते एकोणतीस वयोगटाचा रकाना काढा आणि 2011 च्या शेजारी ठेवा. एकूण आकड्यापेक्षा तो जास्त सांगेल.

राहिला घरोघरी विचारला जाणारा प्रश्न: मुलगा पुण्यात असतो, रेशन कार्डावर आणि मतदारयादीत नाव इथलं, त्याला कुठे सांगायचं? पुण्यात. मोजणीच्या काळात जो जिथे नेहमी राहतो तिथे त्याची नोंद होते. कागद कुठले आहेत ते बघत नाहीत. गणक दारात आला की आईला वाटणारच, लेकाचं नाव आपल्याच घरात घालावं. घालू नका. नाहीतर तो दोनदा मोजला जाईल, आणि कोण कुठे गेलं हे कळायची सोळा वर्षांनी आलेली संधीही जाईल.